हेम्प लावायचाय की विकायचाय? परवान्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

मृग लागायच्या सुमारास मला ठरलेले फोन येतात. "दादा, हेम्प लावायचाय. बियाणं देणारा माणूस गावात आलाय, माल तोच परत घेणार म्हणतो. परवाना कुठं मिळतो?" बचत गटांची आणि शेतकरी गटांची कागदपत्रं करून देणं हे माझं रोजचं काम, त्यात खाद्यपदार्थांचे परवाने जास्त. म्हणून हे फोन माझ्याकडे वळतात. माझं उत्तर एका वाक्याचं असतं: आज महाराष्ट्रात हेम्पचं बी खाण्यासाठी विकता येतं, पण हेम्पचं झाड शेतात लावता येत नाही. या वाक्याच्या दोन्ही बाजू नीट कळल्याशिवाय एक रुपयाही कुणाला देऊ नका. इथे चुकलं तर शिक्षा दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीची आहे.

आधी हेम्प कुठला ते ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. हेम्प हे नाव आपल्या शेतातल्या तीन-चार पिकांना आधीपासूनच चिकटलेलं आहे. आपली अंबाडी, जिची भाजी आपण कण्या घालून खातो, तिला इंग्रजी पुस्तकांत डेक्कन हेम्प म्हणतात. हिरवळीच्या खतासाठी पेरून फुलोऱ्यात गाडतो तो ताग, ज्याला काही भागांत बोरू म्हणतात, तो सनहेम्प. बांधावरचं घायपात म्हणजे सिसल हेम्प. फिलिपिन्समधल्या, केळीच्या कुळातल्या एका झाडाच्या दोराला मनिला हेम्प म्हणतात. यांतल्या एकाचाही भांगेच्या झाडाशी संबंध नाही आणि अमली पदार्थांच्या कायद्यात यांतलं एकही येत नाही.

मागच्या वर्षी एका काकांचा घाबरून फोन आला होता. कृषी सेवा केंद्रातून चाळीस किलो तागाचं बी आणलेलं, आणि बिलावर छापलेलं 'सनहेम्प'. मुलाने मोबाईलवर शब्द शोधला आणि रात्रभर घरात कुणाला झोप नाही. काका, निवांत पेरा, हे खत आहे, असं तीनदा सांगावं लागलं.

अंबाडीचा घोळ याहून मोठा आहे. तिचं पान बोटांसारखं फाकलेलं आणि कडेने दातेरी असतं. लांबून बघणाऱ्याला भांगेचंच वाटावं. फूल आलं की शंका फिटते. अंबाडीचं फूल भेंडीच्या फुलासारखं, फिकट पिवळं आणि मधोमध गडद लाल ठिपका असलेलं. भांगेला असं डोळ्यात भरणारं फूल येतच नाही, हिरवट बारीक झुपके येतात. तुम्हाला फक्त दोरासाठी, पिशव्यांसाठी, हातकागदासाठी धागा हवा असेल तर अंबाडी आणि ताग या दोन पिकांचा आधी विचार करा. परवाना लागत नाही, बियाणं तालुक्याला मिळतं आणि तुम्हाला ती करायची माहीत आहेत.

ज्या हेम्पला परवाना लागतो तो म्हणजे कॅनाबिस, भांगेचं झाड. इथून पुढे हेम्प म्हटलं की तेच.

कायदा झाडाचे तुकडे कसे पाडतो

केंद्राचा अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे, सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. तो समजायला वकील व्हावं लागत नाही, फक्त झाड डोळ्यापुढे आणा. झाडाचा चीक म्हणजे चरस. फुलांचे-फळांचे शेंडे म्हणजे गांजा. हे दोन्ही आणि त्यांची मिश्रणं कायद्याच्या व्याख्येत 'कॅनाबिस' आहेत. शेंड्यांसोबत नसलेलं बी आणि शेंड्यांसोबत नसलेली पानं गांजाच्या व्याख्येतून स्पष्ट वगळलेली आहेत. खोडाच्या धाग्याचा तर या व्याख्येत उल्लेखही नाही. म्हणून हेम्पचं कापड, सदरा, पिशवी विकायला अमली पदार्थांचा कोणताही परवाना लागत नाही. नेहमीचा गुमास्ता आणि लागू असेल तर जीएसटी, एवढ्यावर भागतं.

पण झाड लावणं ही वेगळी गोष्ट. कायद्याच्या लेखी कॅनाबिस या वंशातलं कुठलंही झाड हे कॅनाबिसचं झाड आहे. ते नशेचं आहे की बिननशेचं, हा प्रश्न व्याख्येत विचारलेलाच नाही.

हा मुद्दा मी फोनवर सगळ्यात जास्त वेळा सांगतो, कारण बियाणं विकायला येणारा माणूस नेमका इथेच बोलतो: "आमच्या वाणात टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत आहे, त्यामुळे हे कायदेशीर." टीएचसी म्हणजे नशा आणणारा घटक. ०.३ टक्क्यांचा आकडा कुठून आला? १९७६ साली अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी झाडांचं वर्गीकरण करताना ही रेघ ओढली, आणि पुढे अनेक देशांनी ती कायद्यात घेतली. अमेरिकेच्या २०१८ च्या शेती कायद्यात ती आहे. आपल्या १९८५ च्या कायद्यात ती नाही. एखाद्या राज्याने परवानगी देताना अट म्हणून घातली, तर त्या परवानगीपुरती ती लागू होते. जिथे परवानगीच नाही तिथे ०.३ टक्क्यांचा दाखला दाखवून सुटका होणार नाही.

लागवड: दार कुठे आहे आणि कुठे नाही

दार कायद्यातच ठेवलेलं आहे. कलम १४ म्हणतं की सरकार आदेश काढून, अटी घालून, फक्त धागा किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक हेतूने किंवा बागकामासाठी या झाडाच्या लागवडीला परवानगी देऊ शकतं. कलम १० राज्यांना लागवडीवर नियंत्रणाचे अधिकार देतं. म्हणजे राज्याने आधी आदेश काढायचा, मग शेतकऱ्याने अर्ज करायचा, असा क्रम आहे. उत्तराखंडने तो पाळला. २०१८ मध्ये तिथे इंडियन इंडस्ट्रियल हेम्प असोसिएशनला प्रायोगिक लागवडीचा परवाना मिळाला आणि व्यापारी तत्त्वावर हेम्पला वाट देणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. हिमाचलने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी इथल्या दोन विद्यापीठांना नियंत्रित लागवडीच्या प्रायोगिक अभ्यासाची जबाबदारी दिली.

महाराष्ट्रात शेतकऱ्यासाठी असा आदेश नाही. त्यामुळे भरायला अर्जाचा नमुनाही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने, कुठल्याच मालाला भाव नाही म्हणून, आपल्या दोन एकरांत गांजा लावू द्या असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे केला होता. त्या अर्जामागची हतबलता मला पोचते. पण अर्ज दिला म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, आणि उत्तर आलं नाही म्हणजे संमती आहे असंही होत नाही. गावागावांत हा गैरसमज आहे: "आम्ही कलेक्टर ऑफिसला पोच घेऊन अर्ज दिलाय, आता काही होत नाही." होतं. परवानगीशिवाय लागवड हा कलम २० चा गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. यात किती झाडं याची किमान मर्यादा दिलेली नाही. गच्चीवरच्या कुंडीतलं एक झाडही लागवडच.

जमीन बटईने किंवा ठोक्याने देणाऱ्यांनी पुढचं जरा सावकाश वाचावं. आपल्या जमिनीत बेकायदा भांगेची झाडं आहेत हे कळल्यावर लगेच पोलिसांना किंवा संबंधित खात्याला कळवणं हे कलम ४६ नुसार जमीनधारकाचं कर्तव्य आहे. माहीत असून गप्प बसलात तर तुम्हीही शिक्षेला पात्र. कलम ४७ ने हीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावकामगारांवर टाकलेली आहे. "जमीन माझी, पण पीक कंपनीचं, मला फक्त खंड मिळतो" हे म्हणणं तुमच्या कामी येणार नाही, कारण सातबारा तुमच्या नावावर आहे.

एका शेतकरी दादांनी मला असला करारनामा आणून दाखवला होता. शंभराच्या स्टॅम्पवर, नोटरीचा गोल शिक्का, चार पानं. बियाण्याचे एकरी पैसे आगाऊ, माल 'बाजारभावाने' परत घेणार, आणि तिसऱ्या पानावर एक ओळ: आवश्यक त्या सर्व शासकीय परवानग्या मिळवण्याची जबाबदारी शेतकऱ्याची राहील. ती ओळ मी पेन्सिलने अधोरेखित केली आणि विचारलं, दादा, परवानगी कुणी आणायची आहे? त्यांनी ओळ दोनदा वाचली आणि कागद घडी करून खिशात ठेवला. पैसे त्यांनी दिले नव्हते, हे नशीब. असा कागद तुमच्यापुढे आला तर एकच मागणी करा: महाराष्ट्र शासनाच्या ज्या आदेशाने ही लागवड चालते त्याची प्रत, क्रमांकासकट. नोटरीचा शिक्का म्हणजे सही तुमचीच आहे एवढाच पुरावा. त्याने पीक कायदेशीर होत नाही.

उत्तराखंडात जाऊनच करायचं ठरवलंत, तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली जमिनीची. २०२५ च्या दुरुस्तीनंतर तिथल्या तेरापैकी अकरा जिल्ह्यांत बाहेरच्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, फक्त हरिद्वार आणि उधमसिंह नगर वगळलेले आहेत. म्हणजे स्थानिक शेतकऱ्यांसोबत काम करणं हीच खरी वाट. दुसरी, परवाना जिल्हा प्रशासनाकडून मिळतो, आणि अर्जात जमिनीचा खसरा नंबर (आपल्याकडच्या गट नंबरासारखा), क्षेत्र आणि हेतू, धागा की बी, हे नेमकं सांगावं लागतं. तिसरी सगळ्यात महागात पडणारी: पिकात टीएचसी ०.३ टक्क्यांच्या वर निघालं तर पीक नष्ट केलं जातं, आणि खर्च तुमचा बुडतो. पहाडात भांग रानोमाळ आपोआप उगवते. या झाडाचे नर आणि मादी वेगळे, परागकण वाऱ्यावर जातात. तुम्ही कमी टीएचसीचं बियाणं आणलंत तरी शेजारच्या रानटी झाडांचे पराग तुमच्या मादी झाडांवर पडतात आणि त्या बियांची पुढची पिढी बिघडते. म्हणून घरचं बी राखून पेरण्याची आपली सवय इथे चालत नाही. दर हंगामाला प्रमाणित बियाणं घ्यावं लागतं. गढवाल-कुमाऊँची माणसं पिढ्यानपिढ्या या बियांची चटणी खात आली आहेत आणि धाग्याचे दोर वळत आली आहेत. तिथे हे पीक घरचं आहे. आपल्याकडे तो जुना हात नाही, हेही स्वतःला सांगून ठेवावं.

माझं स्वतःचं मत विचारलंत तर महाराष्ट्राने हा आदेश कधीतरी काढावा असं मला वाटतं, पण त्याआधी आपल्या हवामानात तपासलेला वाण हवा, जिल्ह्याच्या अंतरात टीएचसी मोजणारी प्रयोगशाळा हवी, आणि खोडापासून धागा सोडवणारी गिरणी जवळ हवी. खोड वजनाला हलकं आणि आकाराने अवाढव्य. दोनशे किलोमीटर ट्रकने न्यायचं म्हटलं की भाड्यातच पैसा संपतो. गिरणीआधी लागवड सुरू झाली तर पहिल्याच वर्षी शेतकरी अडकेल.

विक्री: इथे दार उघडं आहे

आता चांगली बाजू. नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली आणि मानकं ठरवली. बचत गट, छोटा दुकानदार, घरून चटण्या-लाडू विकणारी ताई, सगळ्यांना ही वाट मोकळी आहे.

बी हातात घेऊन बघा. ज्वारीच्या दाण्याएवढं, राखाडी-तपकिरी, वर बारीक ठिपक्यांची नक्षी. टरफल काढलं की आत पांढरट, तिळासारखा मऊ गर, चव अक्रोडाकडे झुकणारी. तेल हिरवं निघतं. या गरात नशा नसते. मग टीएचसीची मर्यादा कशाला? कारण बी ज्या वेष्टनात धरतं त्यावर चिकाच्या बारीक ग्रंथी असतात, आणि मळणीत तो चीक टरफलाला बाहेरून लागतो. बी नीट स्वच्छ केलं नाही तर तो तसाच पाकिटात येतो.

मानक असं आहे: बियांत आणि पिठात टीएचसी दर किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, तेलात १० मिलिग्रॅम, पेयात ०.२ मिलिग्रॅम. आता पिकाच्या ०.३ टक्क्यांशी तुलना करा. ०.३ टक्के म्हणजे दर किलोला ३००० मिलिग्रॅम. बियांची मर्यादा त्याच्या सहाशेव्या हिश्श्याची आहे. एका बचत गटाला पुरवठादाराने जो तपासणी अहवाल पाठवला होता त्यात लिहिलेलं, "टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी." ताई खूश, पैसे पाठवायच्या बेतात. मी म्हटलं, थांबा, हा अहवाल पिकाच्या कामाचा आहे, तुमच्या पाकिटाच्या कामाचा नाही. त्याच बॅचचा, मिलिग्रॅम प्रति किलोत आकडा दिलेला, एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल मागा. पुरवठादार आठ दिवस टाळत राहिला, मग फोन घेईनासा झाला. गटाने दुसरा पुरवठादार शोधला.

अन्न परवान्याचं काम फॉसकॉस या पोर्टलवर होतं आणि आपल्या राज्यात ते अन्न व औषध प्रशासन बघतं. लहान उलाढालीला नोंदणी पुरते, त्यावर राज्याचा परवाना, मोठ्या उलाढालीला आणि आयातदाराला केंद्राचा. उलाढालीच्या मर्यादा अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवरच बघून घ्या. अर्जात एक चूक नेहमी होते. दुसऱ्याची पाकिटं जशीच्या तशी विकणारा किरकोळ विक्रेता असतो, पण पोतं आणून स्वतःच्या नावाच्या पाकिटात भरणारा पुनर्पॅकिंग करणारा ठरतो, आणि भाजून चटणी करणारा उत्पादक. व्यवसायाचा प्रकार चुकीचा निवडला की पुढे तपासणीत अडकायला होतं. आधीपासून पापड-मसाल्याची नोंदणी असेल तरी तिच्यात हे उत्पादन जोडून घ्या, ते आपोआप येत नाही.

लेबलवर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, बॅच, तारखा, घटक हे नेहमीचं सगळं लागतंच. हेम्पची खास अट चित्राची आहे. झाडाच्या कुठल्याही भागाचं चित्र चालत नाही, बी सोडून. ते प्रसिद्ध सात बोटांचं पान तर अजिबात नाही. आणि नशेचा किंचितही सूर नको. एका ताईंच्या पाकिटांवर डिझाइन करणाऱ्या मुलाने हौसेने कोपऱ्यात हिरवं पान टाकलं, खाली 'मस्त मूड' असं लिहिलं. पाचशे पाकिटं छापून झाली होती. सगळी बाजूला ठेवून नव्याने छापली. पैसे गेले, पण माल बाजारात गेला नव्हता म्हणून एवढ्यावर निभावलं.

मधुमेह बरा होतो, कर्करोगावर गुणकारी, फिट येणं थांबतं, असं पाकिटावर तर नाहीच, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवरही लिहू नका. या रोगांवर उपचाराची जाहिरात करण्याला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने मनाई आहे, आणि अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. प्रथिनं चांगली आहेत, चव चांगली आहे, हे सांगा. तेवढ्यावर माल विकतो.

नवख्याने जिथे जाऊ नये

बी विकायला लागल्यावर महिन्याभरात कुणीतरी विचारतंच: पानांची पावडर ठेवता का, सीबीडी (याच झाडातला नशा न आणणारा घटक) तेल आहे का? केंद्राच्या कायद्याने पान गांजातून वगळलं असलं तरी महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेला, म्हणजे याच पानांना, मादक द्रव्य मानतो. परवान्याशिवाय ती बाळगणं, विकणं इथे गुन्हा आहे. वाराणसीत सरकारी ठेक्यावर भांग मिळते म्हणून पुण्यात विकता येते असं नाही, आणि तिथून आणलेला गोळा डिकीत सापडला तर ठेक्याची पावती कामाला येत नाही.

सीबीडीची किंवा 'विजया' नावाची तेलं पानाच्या अर्कापासून बनतात. ती अन्न नाहीत, आयुर्वेदिक औषधं आहेत. त्यांच्या उत्पादनाला औषध परवाना लागतो, भांग ही औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, अनुसूची ई-१ मध्ये आहे, आणि अशा पोटात घ्यायच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. अन्नाच्या नोंदणीवर हे विकता येत नाही. तुमच्या भागातला औषध निरीक्षक आणि एखादा जाणता वकील यांच्याशी बोलल्याशिवाय हात लावू नका. अमेरिकेतून सुट्टीला येणाऱ्या भाच्याला सांगून ठेवा की तिथल्या दुकानात उघड मिळणाऱ्या, भांगेचा अर्क घातलेल्या गमीच्या गोळ्या बॅगेत घालून मुंबई विमानतळावर उतरू नकोस. तिथलं बिल इथे परवाना होत नाही.

आणखी एक: खाण्यासाठी आणलेलं बी पेरून बघू नका. लहान मुलं असलेल्या घरात तर विशेष लक्ष ठेवा, कारण मोहरी-मेथीसारखं हेही कुंडीत टाकून 'उगवतंय का' बघायचा मोह मुलांना होतो.

दुकानातली फाइल

पहिला माल आला की एक जाड फाइल करा. त्यात पुरवठादाराचा अन्न परवाना, पक्कं बिल, त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल, तुमची नोंदणी आणि छापलेल्या लेबलचा एक नमुना ठेवा. बिलावर नुसतं 'सीड्स' नको, 'हेम्प बी, खाद्य वापरासाठी' असं पूर्ण लिहून घ्या. वाटेत पोलिसांनी टेम्पो अडवला तर चालकाजवळ बिल आणि अहवालाची झेरॉक्स असू द्या, कारण हवालदाराला हे बी ओळखीचं नसतं आणि पोत्यावर हेम्प हा शब्द दिसला की तो विचारणारच. प्रत्येक बॅचचं एक पाकीट न फोडता, तारीख घालून, कोरड्या डब्यात बाजूला ठेवा, त्या बॅचची मुदत संपेपर्यंत. कुणी तक्रार केली किंवा निरीक्षकाने नमुना नेला, तर तुमच्याकडेही तोच माल तपासायला शिल्लक असतो.